खांद्यावर दोन कॅमेरे

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराजवळ, संमती कट्ट्याभोवती मुंगी शिरायला जागा नसते. सातही नंदीध्वज मिरवत येऊन पोचलेले असतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त दाटीवाटीने उभे असतात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचे संमतीवाचन सुरू होते आणि ठरलेल्या शब्दांवर हजारो हात एकदम वर जातात. अक्षता उडतात आणि पापणी लवायच्या आत खालीही येतात.

इथे उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला एकाच घटनेची निदान दोन चित्रे हवी असतात. पहिले सगळ्याचे: उंच नंदीध्वज, त्यामागचे आभाळ, पांढऱ्या कपड्यांचा समुद्र आणि त्यावर उडालेले तांदूळ. त्यासाठी १६ ते ३५ मिमीची रुंद लेन्स लागते. दुसरे एका चेहऱ्याचे: नंदीध्वज पेलून घामाघूम झालेला कोणी एक तरुण, मिटलेले डोळे, कपाळाला चिकटलेला तांदळाचा दाणा. ते गर्दीबाहेरून टिपायचे तर ७०-२०० मिमीची लांब लेन्स हवी. कॅमेरा एकच असेल तर दोन्हींपैकी एक चित्र सोडावे लागते. लेन्स बदलून होईपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतात आणि पुढची भोगी वर्षाने येते.

सिद्धेश्वरांच्या या गड्ड्याच्या यात्रेत, वारीत, लग्नात किंवा निवडणुकीच्या सभेत काम करणाऱ्या छायाचित्रकाराच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कॅमेरा दिसतो तो यासाठी. पाहणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो: डोळा तर एकालाच लावायचा, मग दुसरा कशाला? कोणाला तो श्रीमंतीचा देखावा वाटतो, कोणाला हौस. हौस असणारेही आहेत. पण दुसऱ्या बॉडीची, म्हणजे लेन्सखेरीजच्या कॅमेऱ्याची, खरी कारणे वेगळी आहेत. जो क्षण परत येणार नाही, आणि बहुतेक वेळा जो आपला नसून दुसऱ्या कोणाचा असतो, तो टिपायचे काम अंगावर घेतले की त्याची राखणही आपल्याकडे येते. दुसरी बॉडी ही त्या राखणीची व्यवस्था आहे.

रोल संपायचा तेव्हा

ही पद्धत डिजिटलच्या फार आधीची आहे. फिल्मच्या काळात दोन कॅमेरे बाळगण्याचे कारण अगदी साधे होते: रोल संपायचा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षे वापरला गेलेला यशिका मॅटसारखा दोन डोळ्यांचा कॅमेरा १२० नंबरचा रोल घ्यायचा आणि त्यावर १२ चौकोनी फोटो निघायचे. पस्तीस मिमीच्या कॅमेऱ्यात ३६. मंगलाष्टके पाचव्यावर आली आणि काउंटर अकराव्या फोटोवर असला, तर फोटोग्राफरच्या पोटात गोळा यायचा. रोल काढून, नवा भरून, गुंडाळून तयार व्हायला मिनिट-दीड मिनिट जायचे, तेवढ्यात अंतरपाट दूर होऊन माळा पडलेल्या असायच्या. म्हणून जाणता फोटोग्राफर दुसरा कॅमेरा नवा रोल भरून मदतनिसाच्या हातात तयार ठेवायचा.

दुसरे कारण फिल्मच्या जातीचे होते. एकदा कॅमेऱ्यात १०० आयएसओची फिल्म भरली की ३६ फोटो होईपर्यंत तिच्याशी बांधून घ्यावे लागे. उन्हातल्या वरातीला ती छान, पण संध्याकाळी मांडवात तिचे काही चालत नसे. तिथे प्रकाशाला अधिक संवेदनशील, ४०० आयएसओची हवी. तीच गोष्ट रंगाची. वृत्तपत्रे कृष्णधवल छापली जात आणि मासिकांच्या मुखपृष्ठांना रंगीत पारदर्शिका लागे. एकाच प्रसंगाची दोन्ही हवी असतील तर दोन कॅमेरे घेण्यावाचून इलाज नसे. उटीजवळच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची कृष्णधवल ‘इंदू’ एकात आणि परदेशी रंगीत फिल्म दुसऱ्यात, अशी जोडी आपल्याकडे चालायची.

जगातही हेच होते. युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये भूसुरुंगावर पाय पडून मरण पावला. त्या दिवशी त्याच्याजवळ दोन कॅमेरे होते. कॉन्टॅक्समध्ये कृष्णधवल फिल्म होती, निकॉनमध्ये रंगीत. भातशेतांतल्या बांधावरून चालणाऱ्या सैनिकांची त्याची शेवटची चित्रे आज दोन्ही रूपांत पाहायला मिळतात.

डिजिटल आले आणि ही दोन्ही कारणे मिटली. एका कार्डावर हजारो फोटो बसतात आणि आयएसओ बोटाने बदलता येतो. मग दुसरी बॉडीही जायला हवी होती. ती गेली नाही, कारण तिची इतर कारणे शिल्लक होती आणि काही नवीही आली.

लेन्स बदलायची किंमत

पहिली किंमत वेळेची. आषाढात माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि मग माळशिरस तालुक्यात पुरंदावडे, खुडूस अशा ठिकाणी गोल रिंगण होते. मधे पालखी, भोवती पताका आणि तुळशी-वृंदावने घेतलेले वारकरी, आणि मोकळ्या ठेवलेल्या गोल वाटेवरून दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्यावर कोणी बसत नाही. घोडा ताशी ४० किलोमीटर वेगाने धावतो आहे असे धरले तर तो सेकंदाला ११ मीटर जातो. लेन्स काढायची, पिशवीत ठेवायची, दुसरी काढायची, टोपण काढायचे, खुणेला खूण जुळवून फिरवायची, याला सरावलेल्या हातालाही पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात घोडा १६५ मीटर पुढे गेलेला असतो. रिंगण संपताच लोक टापांखालची माती कपाळी लावायला धावतात, आणि तेव्हा पुन्हा रुंद लेन्स हवी असते. लांब लेन्स एका खांद्यावर आणि रुंद दुसऱ्या खांद्यावर असेल तर हा सगळा बदल अर्ध्या सेकंदात होतो: एक कॅमेरा सोडायचा, दुसरा उचलायचा.

याचा परिणाम फक्त वेगावर होत नाही, नजरेवरही होतो. एकच लेन्स लावलेली असली की माणूस नकळत त्या लेन्समधून दिसेल तेवढेच पाहू लागतो. लांब लेन्सवाल्याला चेहरे दिसतात आणि रुंदवाल्याला गर्दी. दोन्ही हाताशी असली की नजर मोकळी राहते आणि समोर जे घडते आहे त्याप्रमाणे निर्णय घेते.

दुसरी किंमत धुळीची, आणि ती सोलापूरकराला सांगायची गरज नाही. यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर पायांनी उडालेली धूळ आणि उन्हाळ्यात माळावरचा वारा कशालाच सोडत नाही. लेन्स काढली की कॅमेऱ्याचे तोंड उघडे पडते. जुन्या आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात सेन्सरपुढे आरसा आणि शटरचा पडदा असायचा. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नाही आणि त्यातल्या अनेकांत लेन्स काढली की सेन्सर थेट दिसतो. धुळीचा कण सेन्सरवरच्या काचेला चिकटतो. तो प्रत्यक्ष सेन्सरपासून किंचित अंतरावर असल्यामुळे मोठ्या छिद्रावर, म्हणजे एफ/२.८ वर, त्याची सावली पसरून नाहीशी होते. छिद्र एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत लहान केले की प्रकाश अरुंद वाटेने येतो आणि तीच सावली ठसठशीत उमटते. निळ्या आभाळात करडे ठिपके दिसू लागतात ते यामुळे. शंभर फोटोंत तोच ठिपका त्याच जागी असतो आणि तो प्रत्येकातून पुसत बसावा लागतो. लेन्स जितक्या कमी वेळा काढू तितका सेन्सर स्वच्छ राहतो. दोन बॉडींना सकाळी घरीच दोन लेन्स लावून निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत त्या काढत नाही, आणि पावसातल्या वारीतही त्याला पाण्याची भीती तेवढी कमी राहते.

ऐन वेळी बंद पडला तर

कॅमेरा हे यंत्र आहे आणि यंत्र कधी ना कधी बंद पडते. शटर अडकते, कार्ड वाचले जात नाही, लेन्स आणि बॉडीमधले सोनेरी संपर्कबिंदू खराब होतात, गर्दीत धक्का लागून पडदाच फुटतो. गाडीला स्टेपनी असते ती रोज लागते म्हणून ठेवलेली नसते. दुसऱ्या बॉडीचे सर्वात जुने आणि सर्वात साधे कारण तेच आहे.

याचा धडा चंद्रावर मिळालेला आहे. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ चे अंतराळवीर चंद्रावर उतरले. तिथून थेट प्रक्षेपण करणारा रंगीत टीव्ही कॅमेरा एकच होता. ॲलन बीन तो स्टँडवर बसवत असताना त्याचे तोंड नकळत सूर्याकडे गेले, आतली प्रतिमानलिका जळली आणि पृथ्वीवरच्या कोट्यवधी प्रेक्षकांसाठी चांद्रसफर तिथेच संपली. छायाचित्रांसाठी वेगळे हॅसलब्लाड कॅमेरे होते म्हणून त्या मोहिमेची चित्रे आज आपल्याजवळ आहेत. इतका खर्च आणि इतकी तयारी असतानाही टीव्हीपुरते सारे एका कॅमेऱ्यावर अवलंबून होते आणि तिथेच घात झाला.

आता हिशेब करू. समजा, एखादा कॅमेरा एखाद्या दिवशी बंद पडण्याची शक्यता दोनशेत एक आहे. दोन कॅमेरे असतील आणि त्यांच्या बिघाडाचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता दोनशे गुणिले दोनशे, म्हणजे चाळीस हजारांत एक होते. एका जास्तीच्या यंत्राने धोका दोनशे पटींनी कमी होतो. मात्र ‘संबंध नसेल’ ही अट महत्त्वाची. दोन्ही बॉडी एकाच पिशवीत असतील आणि पिशवी चोरीला गेली किंवा भिजली, दोन्हींच्या बॅटऱ्या एकाच चार्जरवर असतील आणि तो घरी राहिला, तर दोन कॅमेरे असून नसल्यासारखेच. म्हणून एक अंगावर आणि दुसरा वेगळ्या पिशवीत किंवा सहकाऱ्याकडे ठेवायचा. चार्जर आणि कार्डे यांनाही हाच नियम.

अनेक कॅमेऱ्यांत आता दोन कार्डांची सोय असते आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकदम लिहिता येतो. ही सोय फार मोलाची आहे, पण ती फक्त कार्डाच्या बिघाडापासून वाचवते. शटर अडकले तर दोन्ही कार्डे सुखरूप राहतात आणि पुढचा फोटो मात्र निघत नाही.

शटरचेही आयुष्य असते. कॅनन ५डी मार्क ४ साठी कंपनीने दीड लाख क्लिकची चाचणी सांगितली आहे, निकॉन डी८५० साठी दोन लाखांची. हा आकडा हमीचा नव्हे, अंदाजाचा आहे. एखादे शटर त्याच्या आधी जाते, एखादे दुप्पट चालते. पण एका लग्नात अडीच हजार फोटो निघतात असे धरले आणि वर्षाला पन्नास ऑर्डरी असतील, तर सव्वा लाख क्लिक एका वर्षात होतात. सगळा भार एकाच बॉडीवर टाकला तर ती दुसरे वर्ष कशीबशी पाहील. तो दोन बॉडींत वाटला तर दोन्ही दीर्घकाळ टिकतात, आणि एक दुरुस्तीला गेली तरी काम थांबत नाही. सोलापुरातून मोठ्या दुरुस्तीसाठी कॅमेरा बहुधा पुण्या-मुंबईकडे पाठवावा लागतो. सुटा भाग मिळायला वेळ लागला तर कॅमेरा परत येईपर्यंत लग्नसराईचा निम्मा मोसम निघून जातो.

मे महिन्याचे ऊन

सोलापूरच्या माणसाला लागू पडणारे एक कारण कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेले असते. बहुतेक कॅमेऱ्यांसाठी वापराचे तापमान शून्य ते ४० अंश सेल्सिअस असे दिलेले असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे नाही, आणि हे तापमान सावलीतले असते. काळ्या रंगाची बॉडी थेट उन्हात धरली की ती याहून कितीतरी अधिक तापते. लग्नाचे दिवस नेमके हेच, आणि अनेक मुहूर्त भर दुपारचे.

तापलेल्या कॅमेऱ्यात दोन गोष्टी होतात. सेन्सर गरम झाला की प्रकाश नसतानाही त्यात विद्युतभार निर्माण होतो आणि चित्रात, विशेषतः काळोख्या भागांत, रंगीत दाणे वाढतात. दुसरे म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू नयेत म्हणून कॅमेरा स्वतःहून बंद होतो. व्हिडिओ करताना सेन्सर आणि प्रोसेसर दोघेही अखंड काम करत असल्यामुळे हे लवकर घडते. २०२० मध्ये कॅननचा आर५ हा कॅमेरा आला तेव्हा ८के व्हिडिओ सलग सुमारे २० मिनिटेच घेता येईल असे कंपनीनेच जाहीर केले होते, आणि तेही २३ अंशांच्या हवेत. तेच काम मे महिन्याच्या मांडवात काय होईल याचा विचार करावा.

यावर दुसऱ्या बॉडीइतका चांगला उपाय नाही. एकीने काम करायचे, दुसरीने पांढऱ्या कापडाखाली सावलीत निवायचे, आणि अधूनमधून पाळी बदलायची. व्हिडिओ आणि फोटो या दोन कामांसाठी दोन बॉडी वेगळ्या ठेवल्या तर आणखी बरे. तापलेला कॅमेरा एकदम एसीच्या गारव्यात किंवा बर्फाजवळ मात्र नेऊ नये. तिथे गारठलेला कॅमेरा परत गरम हवेत आला की हवेतला ओलावा त्यावर दव होऊन साठतो आणि ते उन्हापेक्षा वाईट.

दोन बॉडी, दोन स्वभाव

आतापर्यंत आपण दोन्ही कॅमेरे सारखेच धरले. पण कित्येक जण मुद्दाम वेगळ्या जातीचे दोन बाळगतात. त्याचे सर्वात चांगले उदाहरण सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजला आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये इथे अभयारण्य घोषित झाले. माळढोक आता दिसलाच तर भाग्य, पण गवताळ माळ अजून जिवंत आहे. काळविटांचे कळप, लांडगे, खोकड, हिवाळ्यात गवतावरून खालून तरंगत जाणारे भोवत्या पक्षी, धाविक आणि माळटिटव्या इथे पाहायला मिळतात. माळावर आडोसा नसतो. प्राणी दुरूनच माणसाला पाहतो आणि त्याच्या जवळ जाणे म्हणजे त्याला त्रास देणे. म्हणून चित्र दुरूनच घ्यावे लागते.

इथे लहान सेन्सरची बॉडी कामाला येते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. एपीएस-सी म्हणून ओळखला जाणारा सेन्सर त्याहून लहान असतो आणि लेन्सने उमटवलेल्या प्रतिमेचा फक्त मधला भाग घेतो. त्यामुळे ३०० मिमीची लेन्स निकॉन किंवा सोनीच्या अशा बॉडीवर ४५० मिमीच्या लेन्सइतके अरुंद दृश्य देते, कॅननवर ४८० मिमीइतके. लेन्स लांब झालेली नसते, चौकट छोटी झालेली असते. पण त्या छोट्या चौकटीत पिक्सेल दाट बसवलेले असतील तर दूरच्या भोवत्याच्या पिसांचे तपशील अधिक मिळतात. याउलट मावळतीनंतर प्रकाश कमी झाला की मोठा सेन्सर सरस ठरतो, कारण त्याच चौकटीसाठी तो एकूण प्रकाश अधिक गोळा करतो. पक्ष्यांसाठी लहान सेन्सर, आणि माळ, आभाळ व अंधारासाठी मोठा, अशी ही जोडी आहे.

हीच युक्ती थोडक्या सामानातही चालते. समजा, तुमच्याकडे ३५ मिमी आणि ८५ मिमी अशा दोनच लेन्स आहेत, एक बॉडी फुल फ्रेम आणि दुसरी एपीएस-सी. मोठ्या सेन्सरवर त्या ३५ आणि ८५ असतात. अदलाबदल केली तर लहान सेन्सरवर सुमारे ५२ आणि १२७ मिमीसारखे दृश्य देतात. दोन लेन्स आणि दोन बॉडींतून चार प्रकारच्या चौकटी मिळतात. पैसे जपून खर्च करणाऱ्या तरुण छायाचित्रकाराला हे गणित उपयोगी आहे.

स्वभाव इतरही असतात. मिररलेस कॅमेरा आवाज न करता फोटो काढू शकतो. कीर्तनात, शास्त्रीय मैफलीत, अंत्यविधीच्या वेळी हा गुण फार मोठा असतो. पण आवाज बंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक शटर बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्र वरून खाली ओळीओळीने वाचते. वेगाने धावणारा घोडा त्यात तिरका होऊ शकतो, आणि मांडवातल्या एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. तिथे १/५० किंवा १/१०० सेकंद वेग ठेवून यांत्रिक शटर वापरणे बरे. एक बॉडी शांततेसाठी आणि दुसरी वेगासाठी, अशी वाटणी त्यातून आपोआप होते. उजनीच्या जलाशयावर नावेतून रोहित पक्षी टिपायला जाणारे कित्येक जण लांब लेन्सची बॉडी हातात आणि छोटी, ओल्या हातांनी धरता येईल अशी दुसरी गळ्यात ठेवतात.

आणि हेही खरे की आज प्रत्येकाच्या खिशात दुसरा कॅमेरा आहेच. फोनची लेन्स रुंद असते, चित्र लगेच पाठवता येते आणि हौशी माणसाला ‘लांब लेन्स कॅमेऱ्यावर, रुंद चित्र फोनवर’ एवढी वाटणी पुष्कळदा पुरते.

दोन सांभाळायचे तर

दुसरी बॉडी नीट न सांभाळल्यास कामात भर टाकते. सर्वात पहिली गोष्ट घड्याळाची. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे कार्यक्रमाआधी सेकंदापर्यंत जुळवून घ्यावीत. ती दहा मिनिटांनी मागेपुढे असतील तर संगणकावर फोटो वेळेप्रमाणे लावले की मंगळसूत्रानंतर कन्यादान आणि सप्तपदीनंतर अंतरपाट येतो. तीन-चार हजार फोटोंत ही उलथापालथ हाताने निस्तरणे फार जिकिरीचे असते. काही कॅमेरे फोनच्या ॲपवरून वेळ घेतात, नसेल तर दोन्हींनी एकाच घड्याळाचा फोटो काढून ठेवावा. त्यावरून फरक नंतर काढता येतो.

दुसरी गोष्ट रंगाची. प्रत्येक कंपनी त्वचेचा रंग आपल्या पद्धतीने रंगवते. एका बॉडीत नवरीच्या अंगावरची हळद केशरीकडे झुकते, दुसरीत हिरवटपणाकडे. अल्बमच्या एकाच पानावर दोन्ही आले की ते डोळ्यांना खुपते. दोन्हींवर व्हाइट बॅलन्स आपोआप न ठेवता एकच ठरवून द्यावा आणि करड्या कार्डाचा एकेक फोटो दोन्हींनी घ्यावा.

तिसरी गोष्ट माउंटची, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते त्या खोबणीची. दुसरी बॉडी घेताना तीच लेन्स, तीच बॅटरी, शक्यतो तेच कार्ड चालते का, हे आधी पाहावे. जुन्याकडून नव्याकडे जाणाऱ्यांना इथे एक भौतिक नियम माहीत असायला हवा. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्स आणि सेन्सर यांत ४६.५ मिमी अंतर असते, नव्या झेड माउंटमध्ये १६ मिमी. कॅननच्या जुन्या ईएफमध्ये ४४ मिमी, नव्या आरएफमध्ये २०. जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावायची तर मधली जागा नळीसारख्या ॲडॉप्टरने भरता येते. नवी लेन्स जुन्या बॉडीवर लावायची तर तिला बॉडीच्या आत घुसवावे लागेल, जे शक्य नाही. म्हणजे ही वाट एकेरी आहे. जुना डीएसएलआर राखीव ठेवून नवी मिररलेस घेणाऱ्याने जुन्या लेन्स विकू नयेत, नाहीतर राखीव बॉडीला लावायला काहीच उरत नाही.

चौथी गोष्ट शरीराची. एफ/२.८ च्या ७०-२०० लेन्सचे वजन दीड किलोच्या आसपास असते, त्यात बॉडी आणि दुसरा कॅमेरा धरला तर तीन-साडेतीन किलो दिवसभर अंगावर राहतात. मानेवर दोन पट्टे अडकवण्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा दुहेरी पट्टा घ्यावा. आणि दोन्ही बॉडींची बटणे एकाच पद्धतीने लावून ठेवावीत. घाईत बोट सवयीने जाते.

कोणी घ्यावी, कधी घ्यावी

चांगल्या फुल फ्रेम बॉडीला आज लाख-दीड लाख सहज लागतात. तेव्हा सगळ्यांनी दुसरी बॉडी घ्यावी असे मुळीच नाही. घरच्यांचे, सहलीचे, आपल्या आनंदासाठी फोटो काढणाऱ्याला एक कॅमेरा आणि फोन पुरेसा आहे. एकच लेन्स लावून वर्षभर फिरण्याने नजर जी घडते ती चार बॉडींनी घडत नाही. जो पैसे घेऊन दुसऱ्याचे काम करतो त्यानेही आधी जादा बॅटऱ्या, चांगल्या कंपनीची जादा कार्डे, एक बरा फ्लॅश आणि डाटाची दोन ठिकाणी प्रत ठेवण्याची सोय करावी. त्यानंतर दुसरी बॉडी. ती नवी कोरी असायची गरज नाही. आपल्याच पहिल्या जुन्या कॅमेऱ्याला विकून थोडके पैसे घेण्यापेक्षा त्याला राखीव म्हणून ठेवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. तेही जमत नसेल तर मोठ्या ऑर्डरीच्या दिवशी भाड्याने आणावी आणि आदल्या दिवशीच आणून तपासून घ्यावी.

पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या लग्नाला जायचे आणि एकच कॅमेरा घेऊन जायचे, हे मला पटत नाही. बाप वर्षानुवर्षे साठवून मुलीचे लग्न करतो. माळा घालतानाचा तिचा चेहरा, पाठवणीच्या वेळी आजीने कुरवाळलेला गाल, या गोष्टी दुसऱ्यांदा घडवून आणता येत नाहीत. कॅमेरा बिघडला म्हणून अनामत परत करता येते, ती सकाळ परत करता येत नाही.

म्हणून हा लेख कॅमेरा हाती धरणाऱ्यांइतकाच कॅमेऱ्यासमोर उभे राहणाऱ्यांसाठीही आहे. लग्नाची ऑर्डर देताना घरची मंडळी विचारतात, किती मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, ड्रोन आहे का, अल्बम किती पानांचा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड अशा घरांत विधी वेगवेगळे आणि मुहूर्त बहुतेक मिनिटावर ठरलेले. अशा वेळी आधी हे विचारावे: कॅमेरा बंद पडला तर दुसरा तयार असेल का? तो कोणाकडे असेल? फोटो दोन कार्डांवर लिहिले जातात का, आणि त्याच रात्री त्यांची दुसरी प्रत कुठे होते? या प्रश्नांना जो फोटोग्राफर न अडखळता उत्तर देतो, त्याच्या दरात हजार-दोन हजार जास्त असले तरी द्यावेत. ते पैसे दुसऱ्या कॅमेऱ्याचे नसतात, ऐन वेळी काही बिघडले तरी आपल्या घरची आठवण वाचवण्याची ती किंमत असते.